ब्लाइंड

(दृश्य : सतरंजी. मधोमध स्टीलच्या ताटलीत चिंचोके. एक हात पानं वाटतोय.)

लक्ष्मीपूजन आटोपलंय. इंदूरच्या रामबागेतल्या या घरात फराळाचे डबे बाजूला सरकलेत आणि प्रत्येकापुढे तीन पानं उपडी पडलीयत. पुतण्यानं पानांखाली बोट घातलं, तोच आत्या कडाडल्या, "अरे, बघून काय करून राहिलास? खेळ ना ब्लाइंड!"

"करून राहिलास"वर पुण्याहून आलेला पाहुणा हसला. हसू दे. इंदुरी मराठी अशीच आहे. आपल्याला हवाय तो त्यापुढचा शब्द.

तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता लावलेला डाव. बाहेर बोलताना याचा अर्थ बेधडक, थोडा वेडेपणाचाच धरतात. पण आत्यांकडे नीट बघा. रिकाम्या खोलीतला दिवा दोन मिनिटं जळला तरी ओरडणारी ही बाई. त्या उधळपट्टी करतील?

(दृश्य : आत्यांची मूठ, खाली झाकलेली तीन पानं.)

तीन पत्तीचा हिशेब असा. आधी सगळे बूट, म्हणजे सुरुवातीची सारखी रक्कम, मध्ये टाकतात. मग समजा, चाल दोन चिंचोक्यांवर आलीय. न बघता खेळणाऱ्यानं दोन टाकले की भागतं. पानं बघितलेल्याला मात्र कमीत कमी चार टाकावे लागतात. डोळे उघडायचे दुप्पट पैसे! शिवाय बऱ्याच घरांत आणखी एक नियम पाळतात. दोघंच उरले आणि त्यातला एक ब्लाइंड असला, तर बघितलेल्याला शो, म्हणजे दोघांची पानं उघडून निकाल, मागता येत नाही. त्यानं दुप्पट भरत राहायचं, नाहीतर पॅक करायचं, म्हणजे पानं टाकून डाव सोडायचा.

आणि बघून तरी हाती काय लागतं? 52 पानांतून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यातल्या 16,440 हातांत साधी जोडीसुद्धा नसते, रंग (तिन्ही पानं एकाच चिन्हाची) नाही, सिक्वेन्स (ओळीची पानं) नाही. तिन्ही पानं सारखी, म्हणजे ट्रेल, फक्त 52. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन वेळा पानं उचलून तोंड पाडायचं, आणि ते पडलेलं तोंड समोरच्यानं वाचायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती इथे अक्षरशः.

हा खेळ इंग्रजांच्या ब्रॅग या पत्त्यांच्या खेळाचा वंशज. बघणाऱ्यानं दुप्पट भरायचं, ही रीतही तिथलीच.

(दृश्य : मोबाइलवर पोकरचं टेबल.)

पुतण्या मोबाइलवर पोकर बघतो. तिथेही ब्लाइंड आहे, पण त्याचा स्वभाव अगदी वेगळा. टेक्सास होल्डेममध्ये पानं वाटण्याआधीच वाटणाऱ्याच्या डावीकडचा खेळाडू स्मॉल ब्लाइंड टाकतो आणि त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड, बहुधा दुप्पट. मर्जीचा प्रश्नच नाही. दर डावाला पाळी पुढे सरकते, सगळ्यांवर येते. ही सक्ती नसती तर जो तो एक्क्यांची जोडी येईपर्यंत हात बांधून बसला असता आणि मध्ये भांडायला काही उरलंच नसतं. यात शौर्य कसलं? सोसायटीचा मेन्टेनन्स आहे तो. लिफ्ट वापरा, नका वापरू.

आता हा शब्द सतरंजीवरून उठून घरभर कसा फिरतो ते ऐका. काकांनी कुणाच्या सांगण्यावरून शेअर घेतले, "ब्लाइंड खेळले." भाच्यानं भलत्याच शाखेला प्रवेश घेतला, तोही ब्लाइंड. आमच्या आईनं राजवाड्याजवळच्या एका दुकानातून साडी घेतली, घरी घडी उलगडली तर पदराला भोक. "ब्लाइंडमध्ये उचलली गं," ती म्हणाली.

मला विचाराल तर ती ब्लाइंड नव्हतीच. आईनं किंमत पूर्ण मोजली होती. न बघण्याची सूट कुठे मिळाली? त्याला आपल्याकडे साधं "डोळे झाकून घेणं" म्हणतात. खरा ब्लाइंड बघायचा तर बायपासकडे चला. जमिनीत नुसता खड्डा आहे, इमारत कागदावर, आणि फ्लॅट बुक होतोय. दिसत काहीच नाही, म्हणूनच भाव कमी. इमारत उभी राहिल्यावर येणारा गच्ची-खिडकी बघून जास्त मोजेल. ही तीन पत्तीची चाल आहे, आणि तिच्यात बुडणारेही असतात.

(दृश्य : पुन्हा सतरंजी. बशीत गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर जिरावण मसाला.)

डाव रंगलाय. दोघंच उरलेत. आत्या ब्लाइंड, पुतण्या बघून. तो चार टाकतो, त्या दोन. तो चार, त्या दोन. पुतण्याकडे राणीची जोडी आहे, वाईट नाही, पण ताटलीतले चिंचोके वाढतायत आणि शो मागायची सोय नाही. शेवटी त्यानं पॅक केलं.

आत्यांनी चिंचोके ओढून घेतले. पानं गोळा करताना पुतण्याला त्यांच्या वरच्या पानाच्या पाठीवर, कोपऱ्यात, जिरावणाचा तेलकट डाग दिसला. उलटून पाहिलं. बदामचा एक्का.

"आत्या, हा डाग मघापासून आहे. हे ब्लाइंड कसलं?"

आत्यांनी पदराला बोटं पुसली.

"वाट."