वाद घरातल्यांशी

मंडळी, परंपरानिष्ठ माणसं दुसऱ्या धर्माच्या माणसाशी बोलायलाच तयार नसतात, असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. दोन वेगळ्या धर्मांतली श्रद्धाळू माणसं भेटली, की उपास का करायचा, देवाच्या आज्ञेपुढे आपली सोय का सोडायची, हे त्यांना एकमेकांना पटवावं लागत नाही. पंचाईत होते ती घरातल्यांशी. परका चुकला तर अजाण ठरतो, आपला चुकला तर द्रोही.

इंटरनेटवर ही पंचाईत वाढली. तिथं उत्तर समोरच्याला द्यायचं असतं, पण लक्ष असतं आपल्या बाजूच्या वाचकांकडे. जरा मुद्दा मान्य केला, की आपलेच म्हणणार, ‘हा ढिला पडला!’ मग जो तो कडक होत जातो. त्यात श्रद्धेपेक्षा धास्तीच जास्त, असं माझं मत.

इस्लामी जगातलं एक उदाहरण घ्या. 2004 साली जॉर्डनमधून ‘अम्मान संदेश’ नावाचं, खरा इस्लाम म्हणजे काय ते सांगणारं निवेदन निघालं. पाठोपाठ अनेक देशांतल्या विद्वानांपुढे तीन प्रश्न ठेवले गेले. मुसलमान कोण? एखाद्याला काफिर ठरवता येतं का? आणि फतवा देण्याचा अधिकार कुणाचा? 2005 मध्ये सुन्नींचे चार, शियांचे दोन, शिवाय इबादी आणि जाहिरी असे आठ मजहब, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे पंथ, मान्य झाले, त्यांच्या अनुयायांना काफिर म्हणायचं नाही असं ठरलं. नंतर, 2007 मध्ये, 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुलं पत्र लिहिलं. विषय होता देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम. क्रम लक्षात घ्या: आधी आपसातला प्रश्न, मग बाहेरच्यांना पत्र. तिसरा प्रश्न तर आज फारच झोंबणारा आहे, कारण हातात फोन असलेला कुणीही आता निवाडा देऊन मोकळा होतो.

ज्यू धर्मातले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, जोसेफ सोलोवेचिक यांनी 1964 साली वेगळी वाट सांगितली. सामाजिक प्रश्नांवर इतर धर्मीयांबरोबर जरूर काम करा, पण श्रद्धेचा गाभा वाटाघाटीला काढू नका. अनेकांना हा हेका वाटतो. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो, कारण कशावर बोलणार नाही हे आधीच सांगितलं, की उरलेलं मोकळेपणानं बोलता येतं.

दार लावून घेणं मात्र कुणाला जमलेलं नाही. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टेडियममध्ये इंटरनेटच्या धोक्यांवर हजारो हरेदी, म्हणजे अतिशय कर्मठ ज्यू, पुरुष जमले. स्त्रियांना आत प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी इतर सभागृहांत थेट प्रक्षेपण होतं. हसू येईल, पण त्यांची काळजी खोटी नव्हती. फोनला गाळणी लावून बाहेरचं बरंच काही अडवता येतं. घरातल्याच एखाद्या मुलाला पडलेली शंका कशी अडवणार? ती तो टोपणनावानं विचारतो, रात्री, अनोळखी माणसांना. तिथं त्याच्याच परंपरेतलं कुणी जाणतं, न रागावणारं माणूस भेटलं तर तो बोलत राहतो. नाही भेटलं तर उत्तर दुसरं कुणीतरी देतंच.