काळ्या-पांढऱ्या फोटोतला रंग

मंडळी, इंदुरातल्या आपल्या मराठी घरांत फोटोंची एखादी पत्र्याची पेटी हमखास सापडते. हल्ली मुलं म्हणतात, सगळे स्कॅन करून टाकू. स्कॅनर पहिल्याच पायरीला विचारतो: रंगीत, ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटा) की ब्लॅक अँड व्हाइट? समोर काळा-पांढरा फोटो, म्हणून आपण ग्रेस्केलवर टिचकी मारतो. मीही तेच करायचो.

आजीच्या फोटोने मला शहाणं केलं. तिच्या गालावर पाणी पडून पिवळट डाग धरला होता. मी ग्रेस्केलमध्ये स्कॅन केलं आणि फोटो मामाकडे परत पाठवला. मग संगणकावर बघतो तर डाग आणि गालाची सावली अगदी एकाच करड्या छटेत! कागदावर डोळ्याला दोन्ही वेगळे दिसत होते, कारण एक पिवळा होता, दुसरी काळसर. तो फरक मीच टाकून दिला होता. तीन संध्याकाळी ब्रश फिरवला. डाग गेला, पण आजीही गेली.

यात घडतं काय? रंगीत मोडमध्ये प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे वेगवेगळे साठवले जातात, प्रत्येकाला २५६ पायऱ्या. ग्रेस्केलमध्ये बिंदूमागे एकच आकडा उरतो. आता पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो आणि लाल परत पाठवतो. म्हणून निळ्या चॅनलमध्ये, म्हणजे नुसत्या निळ्या आकड्यांच्या चित्रात, तो काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ दिसतच नाही. मामाकडून फोटो पुन्हा मागवला, रंगीत स्कॅन केला, लाल चॅनल तेवढा ठेवून त्याचंच ग्रेस्केल केलं. दहा मिनिटांचं काम! ग्रेस्केल करायचंच, पण शेवटी, स्वतःच्या हाताने.

आणि काळा-पांढरा म्हणतो तो तरी खरंच काळा-पांढरा असतो का? पुढे नामवंत छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ इथेच, इंदुरात, सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७०च्या दशकात इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला. त्या काळचे अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे फोटो, तपकिरी-जांभळट असतात आणि त्यांचे उजळ भाग वयाबरोबर पिवळे पडतात. ग्रेस्केलने ती सगळी छटाच पुसली जाते.

मोडी कागदांचंही तसंच. ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये प्रत्येक बिंदू काळा तरी नाही तर पांढरा तरी, अधलंमधलं काही नाही. छापील मजकुराला, रेघांच्या चित्राला ठीक, तेही ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० बिंदू धरून. फिकट शाईच्या बारीक रेघा मात्र उडतात. रंगीत ठेवलंत तर अक्षरांवर बसलेला लाल शिक्का लाल चॅनलमध्ये विरून जातो आणि खालची काळी शाई वाचता येते. मला तर यात अजूनही जादूच वाटते.

फोटो फारच विटला असेल तर रंगीतमधला ४८ बिटचा पर्याय निवडा. तिथे प्रत्येक रंगाला ६५,५३६ पायऱ्या मिळतात, त्यामुळे कॉन्ट्रास्ट ताणला तरी आभाळात पट्टे उमटत नाहीत. फाइल टिफ (TIFF) प्रकारातच ठेवा. नेहमीच्या जेपेग (JPEG) फाइलमध्ये एवढ्या पायऱ्या मावत नाहीत. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचा मोड, हा छापखान्याचा विषय, स्कॅनिंगच्या वेळी त्याच्या वाटेला जाऊ नका.

कोणी तरी विचारणारच, एवढी जागा आणायची कुठून? चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये साडेआठ एमबीच्या आसपास, रंगीत सव्वीस, ४८ बिटमध्ये बावन्न. शंभर रंगीत फोटो म्हणजे अडीच जीबीच्या थोडं वर. सराफ्याच्या खाऊबाजारात घरच्यांना घेऊन एक रात्र खायला गेलात तर त्याहून मोठा पेनड्राइव्ह येईल एवढे पैसे उडतात. आणि हो, स्कॅनरचा 'ऑटो' मोड आधी बंद करा. काळा-पांढरा फोटो दिसला की तो न विचारता ग्रेस्केल करून टाकू शकतो.