कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्या

[पडद्यावर कोरा कागद. बाजूला बोरू आणि दौत. एक हात बोरू उचलतो, कागदावर टेकवायला जातो, थांबतो, पुन्हा खाली ठेवतो.]

पत्र लिहायला बसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न मजकुराचा नसायचा, मायन्याचा असायचा. समोरचा मोठा असेल तर 'तीर्थरूप' आणि साष्टांग नमस्कार. धाकटा असेल तर 'चिरंजीव' आणि अनेक उत्तम आशीर्वाद. मायना ठरेपर्यंत हात पुढे सरकत नसे. कारण त्या एका शब्दात समोरच्याची पायरी ठरायची आणि त्याच वेळी आपलीही.

सातशे वर्षांपूर्वी एक थोर योगी याच शब्दापाशी अडला.

तापीकाठचे चांगदेव. योगबळाने काळाला चकवून ते चौदाशे वर्षं जगले, असं परंपरा सांगते. सिद्धी हात जोडून उभ्या, शिष्यांचा मोठा परिवार, सगळीकडे दरारा. त्यांच्या कानावर एका मुलाची कीर्ती आली. वय कोवळं, पण अधिकार असा की जाणत्यांनी मान तुकवावी. चांगदेवांनी पत्र लिहायला घेतलं. वय पाहावं तर 'चिरंजीव' लिहायला हवं. ज्ञान पाहावं तर 'तीर्थरूप'. चिरंजीव लिहावं तर ज्ञानाचा अपमान, तीर्थरूप लिहावं तर चौदाशे वर्षांचं काय? शेवटी त्यांनी कागद कोराच पाठवून दिला.

तो कागद चार भावंडांच्या हाती पडला. मुक्ताबाई सगळ्यांत धाकटी. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! निवृत्तीनाथांना मात्र त्या कोरेपणात वेगळं काही दिसलं. त्यांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं. पासष्ट ओव्यांचं ते उत्तर म्हणजे 'चांगदेव पासष्टी'.

पुढची गोष्ट, वाघावर बसून आलेले चांगदेव आणि चाललेली भिंत, लहानपणापासून आपण चित्रांत पाहिली आहे. या पत्राकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. अद्वैत म्हणजे काय आणि ते रोजच्या जगण्यात कुठे बसतं, हे इतक्या थोड्या जागेत, इतक्या मायेने सांगणारं दुसरं लिखाण मला ठाऊक नाही.

[आळंदी. पहाटेची इंद्रायणी. घाटावरून पाण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या.]

पण त्याआधी दुसऱ्या एका कागदाबद्दल बोलायला हवं.

या भावंडांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले. समाजाने हे पोटात घातलं नाही. त्यांच्या चारही मुलांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं. मुंज नाही, पंगतीत जागा नाही. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं तरी मुलांचा वनवास संपला नाही. 'तुम्ही पैठणहून शुद्धिपत्र आणा' असं त्यांना सांगण्यात आलं. म्हणजे तुम्ही कोण आहात, हे ठरवणारा कागद दुसऱ्याकडून लिहून आणा. ती पोरं चालत पैठणला गेली. 'या रेड्यात आणि तुझ्यात एकच आत्मा आहे का रे?' अशी तिथे झालेली टवाळी, मग रेड्याच्या पाठीवर ओढलेले कोरडे आणि ज्ञानदेवांच्या अंगावर उठलेले वळ, ही कथा त्याच पैठणची आहे.

हे दोन कागद मला शेजारी शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. एक शुद्धिपत्र, ज्यासाठी या मुलांना दारोदार जावं लागलं. आणि एक कोरं पत्र, जे चालत त्यांच्याकडे आलं. ज्याला सगळ्या गावाने 'तू कोण?' विचारून खाली ढकललं, त्याला आता एक महायोगी विचारत होता की तू मोठा की मी. सूड उगवायला याहून चांगली संधी कुठली? ज्ञानदेवांच्या उत्तरात तो प्रश्नच उरत नाही.

[सोनाराची भट्टी. मुशीत वितळलेलं सोनं. पुढच्या क्षणी तेच सोनं तारेच्या रूपात.]

चौथी ओवी अशी आहे :

सोनें सोनेपणा उणें ।
न येतांचि झालें लेणें ।
तेविं न वेंचतां जग होणें ।
अंगें जया ॥

सोन्याच्या सोनेपणात गुंजभरही उणेपण आलं नाही आणि त्याचा दागिना झाला. तसं ज्याचं काहीही न वेचता, न खर्चता हे जग झालं. 'वेंचणें' हा शब्द बघा. देव जग घडवून थकला नाही, त्यातलं काही संपलं नाही. बांगडी घडली म्हणून सोनं कुठे गेलं नाही आणि बांगडी मोडल्याशिवाय सोनं भेटत नाही, असंही नाही. हातात बांगडी आहे, म्हणजे हातात सोनंच आहे.

दृष्टान्त जुना आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, माती, सोनं आणि लोखंड हीच उदाहरणं देतो. बारा वर्षं वेद शिकून, चोवीस वर्षांचा होऊन, ताठ मानेने परतलेला हा मुलगा. बाप त्याला विचारतो, जे जाणलं की सगळं जाणलं जातं, ते तू विचारलंस का गुरूंना? मुलाकडे उत्तर नसतं. मग बाप एकेक गोष्ट दाखवत जातो आणि नऊ वेळा म्हणतो, 'तत्त्वमसि'. ते तू आहेस.

[काचेच्या पेल्यात पाणी. त्यात मिठाचा खडा. कॅमेरा जवळ. खड्याच्या कडा विरघळतात, पाण्यात बारीक वळणं उठतात, मग काहीच दिसत नाही.]

उद्दालक मुलाला मीठ पाण्यात टाकायला सांगतो. सकाळी म्हणतो, काढ ते. हाताला लागत नाही. वरून चाख, मधून चाख, तळातून चाख. खारट, खारट, खारट. 'ते इथेच आहे, तुला दिसत नाही इतकंच.' हाच मिठाचा खडा पासष्टीत पुन्हा भेटतो, पण इथे तो पाण्याची खोली मोजायला निघाला आहे. आत शिरला आणि स्वतःच उरला नाही, मग माप कोण घेणार? ज्ञानदेव चांगदेवांना सांगतात, तुला पाहायला गेलो तर मीच नाही, मग 'तू' तरी वेगळा कल्पायचा कुठून?

इथे थोडं थांबू या, कारण अद्वैत म्हटलं की बहुतेकांच्या मनात एकच वाक्य असतं. ब्रह्म सत्य, जगत् मिथ्या. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याची सुरुवातच अध्यासाने केली. एकावर दुसऱ्याचा आरोप करणं, शिंपल्यावर चांदी पाहणं. अंधारात दोरी पाहून साप वाटतो, दिवा आणला की साप नाहीसा होतो, तसं ज्ञानाने अज्ञान फिटतं. ही मांडणी फार खोल आहे, तिला हलक्यात घेता येत नाही. पण आपण तिचा अर्थ अनेकदा सोयीने लावतो : संसार म्हणजे साप, तो घालवला पाहिजे, घर-मुलं-नोकरी ही सगळी अडगळ.

ज्ञानदेवांनी वेगळा सूर लावला. 'अमृतानुभवा'चं सातवं आणि सर्वांत मोठं प्रकरण त्यांनी अज्ञानाच्या खंडनाला दिलं आहे. अज्ञान म्हणून काही वेगळी वस्तूच नाही, जे दिसतं तो त्या चैतन्याचाच विलास आहे, असं ते सांगतात. पासष्टीत याचं एक सुंदर रूप आहे. लाटांची चोळी न उतरवताही पाणी उघडंच असतं. लाट बाजूला सारून पाणी शोधायचं नाही. लाटेला हात लावलात, पाण्याला हात लागला.

[घरातलं बंद दार. बाहेरून टकटक.]

आता आपल्या घरात या. दार वाजतं. आतून आवाज जातो, 'कोण आहे?' बाहेरून उत्तर येतं, 'मी आहे.' नाव नाही, गाव नाही. आणि दार उघडलं जातं. जगातला प्रत्येक माणूस स्वतःला याच एका अक्षराने ओळखतो. नाव नंतर कोणी ठेवलं, वय वाढत गेलं, पद आलं आणि गेलं. 'मी' मात्र पाच वर्षांच्या पोराच्या तोंडी होता तोच ऐंशीच्या आजोबांच्या तोंडी आहे.

मराठीत याहून नवलाचा एक शब्द आहे, 'आपण'. 'आपण बसावं' म्हटलं की समोरचा माणूस. 'आपण जाऊ' म्हटलं की तू आणि मी दोघं. 'जो तो आपणच आपला वैरी' म्हटलं की स्वतः. तू, आम्ही आणि स्वतः, तिन्ही एकाच शब्दात. हा शब्द आला आहे प्राकृतातल्या 'अप्पण'वरून आणि त्याच्या मुळाशी आहे संस्कृतातला 'आत्मन्'. म्हणजे कुणाला आदराने 'आपण' म्हणताना, नकळत का होईना, आपण त्याला आत्मा म्हणूनच हाक मारत असतो. चांगदेवांना जो मायना सापडला नाही, तो भाषेत होताच.

दुसरी एक गोष्ट. 'मी रागावलो' असंही आपण म्हणतो आणि 'मला राग आला' असंही. दोन वाक्यांत काय फरक आहे ते एकदा सावकाश बोलून पाहा. पहिल्यात मी आणि राग एकच होऊन बसलो. दुसऱ्यात राग आला, म्हणजे तो यायच्या आधी मी घरात होतोच. तो आला, बसला, थोड्या वेळाने जाईल, आणि तेव्हाही मी असेन. भूक लागते, झोप येते, भीती वाटते, रडू येतं. सगळी येणारी-जाणारी मंडळी. ज्याला ती येताना-जाताना कळतात, त्याच्याकडे वळून बघणं, याला शास्त्रात द्रष्टा आणि दृश्य यांचा विवेक म्हणतात. त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही. पुढच्या वेळी आवाज चढेल तेव्हा अर्धं मिनिट पुरतं.

आणि आवाज चढतो कधी? बहुतेक वेळा मायना चुकला की. मुलगा उलट बोलला, 'बापाशी असं बोलतात?' हाताखालचा माणूस उठून उभा राहिला नाही. नाव पत्रिकेत खाली छापलं. मग आपण ओरडतो, 'मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?' उपनिषदांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. आपण तो रोज विचारतो, फक्त दुसऱ्याला विचारतो. त्याच क्षणी तो स्वतःकडे वळवला, की खरंच, मी कोण, दुखलं ते नक्की काय, तर कळतं की दुखलं ते पत्रावरचं नाव होतं. सोन्याला धक्का लागला नव्हता.

दुसऱ्याचा राग समोर असतानाही हेच. तोही चिडलेली लाट आहे, पाणी तेच. म्हणून अन्याय गिळून टाकायचा, असं मात्र नाही. पैठणला त्या मुलांनी मान खाली घातली नाही. आणि 'सगळं एकच आहे' म्हणत एखाद्याला पंगतीतून उठवणारे लोक कालही होते, आजही आहेत. त्यांच्या तोंडी अद्वैत म्हणजे निव्वळ पाठांतर. सोनं एकच असेल तर बांगडीने पैंजणाला पायाशी आहे म्हणून हिणवायचं कशाच्या जोरावर?

[आळंदी. समाधी मंदिराच्या गाभाऱ्याकडे जाणारी माणसांची रांग. आवाज नाही.]

शोकात असलेल्या माणसाला 'देह मिथ्या आहे, रडू नकोस' असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. ते ऐकताना अंगावर काटा येतो. अद्वैत कळलेला माणूस रडत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी नामदेवांचे समाधीचे अभंग वाचावेत.

शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६. कार्तिक वद्य त्रयोदशी. ज्ञानेश्वरी पूर्ण होऊन सहा वर्षं झाली होती. ज्ञानदेव समाधीच्या जागी बसले. वर शिळा ठेवली गेली. निवृत्तीनाथ, ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरू, ज्यांच्याकडून हे सगळं ज्ञान आलं, ज्यांनी त्या कोऱ्या कागदाला उत्तर लिहायला सांगितलं, ते बाहेर उभे होते. नामदेव लिहितात, बांधलेल्या तळ्याचा बांध फुटावा आणि पाणी बारा वाटांनी धावावं, तसं त्यांचं झालं.

चांगदेव तोपर्यंत या भावंडांचे झाले होते. चौदाशे वर्षांच्या त्या योग्याने गुरू केलं ते मुक्ताबाईला, 'कोराच राहिला' म्हणणाऱ्या त्या धाकट्या मुलीला.

[पुन्हा तोच कागद. या वेळी हात बोरू खाली ठेवतो आणि कागद दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावतो.]