कॉफीत धुतलेली फिल्म

श्रोतेहो, कृष्णधवल फिल्म कॉफीत धुता येते असे सांगितले की पुष्कळांना ती गंमत वाटते. १९९५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये डॉ. स्कॉट विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांसह हा प्रयोग यशस्वी केला, आणि त्यामागचे रसायनशास्त्र अगदी सरळ आहे.

फिल्मवरील सिल्व्हर हॅलाइडच्या, म्हणजे चांदीच्या प्रकाशसंवेदी क्षाराच्या, ज्या कणांवर प्रकाश पडतो, त्यांवर चांदीच्या मोजक्या अणूंचा सूक्ष्म ठिपका तयार होतो. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचे रसायन, असे ठिपकेवाले कण आधी चांदीत बदलतो आणि बाकीच्यांना, निदान काही मिनिटे, हात लावत नाही. कॉफीत हे काम कॅफेइन करते हा समज चुकीचा आहे; कॅफेइन काढलेल्या कॉफीतही फिल्म धुतली जाते. काम करते ते कॅफेइक आम्ल, जे रचनेने पायरोकॅटेचॉल या जुन्या डेव्हलपरच्या जवळचे आहे. अल्कलीवाचून ते निष्क्रिय राहते, म्हणून धुण्याचा सोडा लागतो. क जीवनसत्त्वाची भर नंतर पडली; त्यामुळे वेळ वाचतो आणि फिल्मवर राहणारी तपकिरी छटाही कमी होते.

सर्वांत रुळलेले प्रमाण असे: एक लिटर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, तापमान २० अंश सेल्सिअस, वेळ सुमारे १५ मिनिटे. पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलला टाकीत, म्हणजे उजेड आत न येणाऱ्या झाकणाच्या डब्यात, साधारण ३०० मिलिलिटर द्रावण पुरते. आधी सोडा विरघळवावा, मग जीवनसत्त्व, शेवटी कॉफी. फेस बसेपर्यंत थांबावे आणि द्रावण त्याच दिवशी, एकदाच वापरावे. वास मात्र कॉफीप्रेमी माणसालाही नकोसा होतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

आपल्याकडे खरी अडचण सामानाच्या शुद्धतेची येते. सोड्याचे स्फटिक मिळाले तर त्यांत वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणीच असते, आणि तेवढाच परिणाम हवा असेल तर ते जवळजवळ पावणेतीन पट घ्यावे लागतात; हा हिशेब चुकला की निगेटिव्ह फिकी येते आणि दोष बिचाऱ्या कॉफीला मिळतो. निर्जल सोडा मिळत नसेल तर खाण्याचा सोडा लोखंडी कढईत चांगला तापवून, त्यातील पाणी व कार्बन डायऑक्साइड घालवून, तो घरी करता येतो. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरतात. इन्स्टंट कॉफीच्या बाटलीवर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते वाचून शक्यतो निव्वळ कॉफीच घ्यावी; त्यातही रोबस्टा दाण्यांची स्वस्त कॉफी चविष्ट कॉफीपेक्षा उपयोगाची, कारण तिच्यात कॅफेइक आम्लाच्या जातीची आम्ले जास्त असतात. क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्यांत साखर आणि रंग मिसळलेले असतात, तेव्हा पूडच बरी. उन्हाळ्यात नळाचे पाणी तीस अंशांवर गेले तर माठातले किंवा बर्फ घालून थंड केलेले पाणी वापरावे. रोल टाकीत भरणे तेवढे पूर्ण अंधारात व्हायला हवे. एरवी दिवा लावून काम चालते.

यापुढे स्वयंपाकघराची मर्यादा येते. डेव्हलप झालेल्या फिल्मवर न बदललेले सिल्व्हर हॅलाइड तसेच असते. ते काढले नाही तर उजेडात सारी फिल्म हळूहळू काळवंडते. मिठाच्या दाट द्रावणात फिल्म दिवसभर बुडवून ठेवण्याचा मार्ग सांगितला जातो. तो काही प्रमाणात चालतो, पण ज्या निगेटिव्ह जपायच्या आहेत त्यांच्या बाबतीत मी तो सुचवणार नाही. इथे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच हवे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये त्याचा चांदीचे क्षार विरघळवण्याचा गुण नोंदवला आणि १८३९ मध्ये छायाचित्रकलेला तो उपयोगी पडला. मत्स्यपालनाच्या दुकानात पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी विकले जाणारे स्फटिक बहुधा हेच असतात. वेष्टनावर नाव पाहून घ्यावे.

फिल्मचा एक तुकडा हायपोत टाकून तो पारदर्शक होण्यास लागणारा वेळ मोजावा आणि रोल त्याच्या दुप्पट वेळ ठेवावा. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, म्हणून तो मोरीत ओतू नये. भांडी घासायचा लोखंडी काथ्या त्यात काही दिवस ठेवला की बरीचशी चांदी गाळासारखी खाली बसते.