उमेदवार ओळखीचा, खुर्ची अनोळखी

(विटा येथे एका सेवानिवृत्त पंचायत विस्तार अधिकाऱ्यानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, लोकसभेचा उमेदवार आपल्याला फार तर गाडीच्या टपावरून हात हलवताना दिसतो. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराचा बांध आपल्या बांधाला लागून असतो. त्याच्या आजोबांनी कुणाची वाट अडवली, सोसायटीचं कर्ज किती थकलंय, कुठल्या पाव्हण्याच्या जोरावर तो उभा आहे, सगळं आपल्याला तोंडपाठ. म्हणून वाटतं, या निवडणुकीत अभ्यास तो कसला करायचा? नोकरीभर मी उलटंच पाहिलं. माणसाची कुंडली गावाला माहीत असते. तो ज्या खुर्चीवर बसणार तिच्या हातात काय आहे, हे विचारलं की पारावरचे सगळे एकमेकांकडं बघतात.

आपल्या भागातलं सगळ्यात स्वस्त आश्वासन म्हणजे टेंभूचं पाणी. जिल्हा परिषदेच्या प्रचारात ते हमखास येतं. आता टेंभू योजना कुणाची? कऱ्हाडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं आपल्या दुष्काळी तालुक्यांत आणायचं, हे काम महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाचं, म्हणजे राज्याच्या जलसंपदा खात्याचं. जिल्हा परिषद सदस्य निवेदन देईल, मोर्चा काढेल, आमदाराच्या मागं लागेल. पण आवर्तन सोडायचा अधिकार त्याला नाही. उसाच्या दराचं आणि विजेच्या बिलाचं तेच.

मग त्याच्या हातात काय आहे? बरंच आहे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाड्या, ग्रामीण रस्ते, पाझर तलाव. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, आपल्या देवराष्ट्र्याचे. तालुक्याचा कारभार तालुक्यातल्या माणसानं बघावा, असा त्यामागं विचार होता. तेव्हा उमेदवार दारात आला की टेंभूचं विचारू नका. आपल्या गटातल्या (म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघातल्या) किती शाळांत दोन शिक्षकांवर चार वर्ग चाललेत, ते विचारा. उपकेंद्रात रात्री कुणी असतं का, विचारा. ज्याला काम करायचंय तो वही काढेल, बाकीचे चहा मागतील.

पंचायत समितीच्या सदस्याची गत मात्र तीन भावांतल्या मधल्यासारखी. मान थोरल्याला, लाड धाकट्याचे. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून आलेल्या पैशाची वाटणी बघा : ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १०, जिल्हा परिषदेला १० अशी होती. म्हणून गणातला, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातला उमेदवार कोटींच्या गप्पा मारायला लागला की हसू येतं.

सांगलीत तर प्रत्येक पावसाळ्यात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर भाषणं होतात. ती व्हावीतच. पण धरणाच्या उंचीचा वाद राज्याराज्यांतला, तो महापालिकेच्या सभागृहात सुटत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्याही वर गेलं. तेव्हा कुठल्या गल्लीत पाणी आधी शिरलं आणि कुठून सगळ्यात उशिरा उतरलं, हा नगरसेवकाचा विषय. नाले कुणी बुजवले? निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कशी मिळाली? अलमट्टीवर बोलायला धाडस लागत नाही. आपल्याच प्रभागातल्या नाल्यावर बोलायला लागतं, कारण नाल्यावर बांधणारा मतदार असतो, कधी कधी प्रचाराला गाडी देणाराही असतो.

आता कागदाकडं वळतो. मोबाईलवर ई-ग्रामस्वराज हे सरकारी संकेतस्थळ उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा, आर्थिक वर्ष टाका. गावाचा विकास आराखडा दिसेल, वित्त आयोगाचा पैसा किती आला, कशावर किती गेला, तेही दिसेल. पंधराव्या आयोगाच्या पैशातला ६० टक्के पैसा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडं वळवता येत नव्हता. कमान बांधून द्या म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. यादीत ‘गटार बांधकाम’ अशी ओळ आली की रक्कम लिहून घ्या आणि चपला घालून त्या गटारापर्यंत जा. गटार आहे का? असेल तर त्यातून पाणी वाहतं का? मी असं गटार पाहिलंय, ज्याचा उतार ओढ्याकडं नव्हता, शाळेच्या पटांगणाकडं होता. कागदावर काम पूर्ण, मोजमाप बरोबर, बिल अदा. असं गटार कार्यालयात बसून सापडत नाही, आणि गल्लीतली बाई ते एका वाक्यात सांगते.

दुसरा कागद म्हणजे ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक, सभेत काय झालं ते लिहून ठेवायची वही. ग्रामसभेला गणपूर्ती लागते : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमली की झालं. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग सरपंच, सदस्य, शिपाई, दोन ठेकेदार आणि पंख्याखाली बसायला आलेले आजोबा एवढ्यांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. पुढं पाच वर्षं आपण पारावर बसून म्हणतो, आम्हाला कुणी विचारलंच नाही. यंदा उभा असलेला उमेदवार गेल्या काही ग्रामसभांना हजर होता का, काय बोलला, हे त्या बुकात सापडतं. दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

शहरातला कुणी म्हणेल, आमच्याकडं तर सभाच नव्हत्या. बरोबर आहे. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, सांगलीच्या महापालिकेची २०२३ च्या ऑगस्टमध्ये. पुढं आरक्षणाचा वाद कोर्टात आणि कारभार प्रशासकाकडं राहिला. अधिकारी वाईट असतात असं मी म्हणणार नाही, मीही त्यातलाच. पण बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या दारात तुम्ही खड्ड्याचा जाब विचारायला जाऊ शकत नाही.

महिला उमेदवारांबद्दल बोलायलाच हवं. २०११ पासून आपल्याकडं निम्म्या जागा महिलांच्या. फलकावर वहिनींचा फोटो पासपोर्टएवढा आणि दादांचा दारापेक्षा मोठा, हे तुम्ही पाहिलंय. पण शपथपत्र वहिनींच्या नावाचं असतं. शिक्षण, मालमत्ता, गुन्हे असतील तर ते, सगळं त्यात लिहिलेलं असतं. कोपरा सभेत प्रश्न दादांना विचारू नका, वहिनींना विचारा. दादा मधे बोलायला लागले तर थांबवा. बायाबापड्यांनी हे केलं तर फारच बरं. मी पाहिलेल्या काही सरपंच बायका पहिल्या वर्षी नुसत्या सह्या करत होत्या आणि तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला घाम फोडत होत्या.

बिनविरोधाचं एवढंच सांगतो की, गावानं एकत्र बसून ठरवलं तर उत्तम. बोली लावून ठरवलं तर तो लिलाव. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं याच कारणावरून रद्द केल्या होत्या.

शेवटी मतदार यादी. स्थानिक निवडणुकीची वेगळी मतदार नोंदणी नसते. विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागात, गणात फोडतात. फोडताना गल्लीच्या गल्ली पलीकडच्या प्रभागात जाते. प्रारूप यादी लागली की हरकतीला मोजके दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत चुकलेला प्रभाग, लेखनिकाची चूक किंवा विधानसभेच्या यादीत असूनही गळालेलं नाव एवढंच दुरुस्त होतं. विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर तिथं काही करता येत नाही. त्यासाठी नमुना सहा आधीच भरलेला हवा. पोरगी अठराची झाली असेल तर आजच भरा. आणि महापालिकेला मत देताना एक बटण दाबून बाहेर पडू नका. प्रभागात चार जागा असतील तर चार मतं द्यायची असतात. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर तिथं नोटा दाबा. सगळी मतं पूर्ण झाल्याशिवाय यंत्राची शिट्टी वाजत नाही, आणि मागं रांगेत उभे असलेले लोक तुमच्या नावानं खडे फोडतात ते वेगळंच.

बोला, कुणाला काय विचारायचंय? टेंभूचं सोडून.