सबैनांचं घराणं

साडेपाचला सभागृह रिकामं करायचंय, आणि पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘पदवीचे विद्यार्थी आणि ज्येष्ठ संशोधक’. त्याच्याकडे येतोच. आधी सबैनांची गोष्ट सांगू द्या.

गोव्यात पेडण्याच्या एका घरातलं मोडी कागदांचं दप्तर आमच्या हाती आलं. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं, हे इथे सांगायला नको. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाला घेऊन मी फोंड्याला भाईंकडे गेलो. भाई निवृत्त शिक्षक, उभा जन्म मोडी वाचण्यात गेलेला. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. आधी ओळ आखायची नि अक्षरं तिला टांगत जायची. मुलगा दोन महिन्यांत कागद वाचायला शिकला. एका रविवारी आला तो उड्या मारतच. कागदाच्या माथ्यावर ‘इसन्ने सबैन’ असं नाव आहे, म्हणाला, हा कुणीतरी मोठा अंमलदार असणार. त्याच्यावर दोन पानंही लिहून आणली होती. सुंदर लिहिली होती हो!

भाईंनी ती शांतपणे वाचली. चूक दाखवली नाही. दप्तरातला दुसरा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यावर होतं ‘सलास सबैन’. “हे दोघे भाऊ का रे?” भाईंनी विचारलं. पुढच्या रविवारी तिसरा कागद, त्यावर ‘अर्बा सबैन’. मुलगा तासभर गप्प. मग एकदम म्हणाला, “भाई, ही माणसं नव्हेत. हे आकडे आहेत!”

अरबीतले दोन, तीन, चार. आणि सबैन म्हणजे सत्तर. पुढे ‘मया व अलफ’, शंभर आणि हजार. म्हणजे पहिला कागद सुहूर सन ११७२ चा. सुहूर म्हणजे जुन्या मराठी कागदांतलं, मृगाला सुरू होणारं साल. त्यात ५९९ मिळवा, १७७१ चा पावसाळा येतो. मी तक्ता देऊन हे पाच मिनिटांत सांगितलं असतं, आणि त्या मुलाचे ते रविवार चोरले असते. तुम्ही हसताय, पण मला अजून ते आठवलं की भरून येतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. तर मुद्दा. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट आहे, पण पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांसाठी. आमच्या मुलाला तेवढे कधीच नव्हते. शिवाय चौथं वर्ष फार उशिरा येतं. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाने १९६९ पासून पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या कामात सहभागी करून घेतलंय. आपण दुसऱ्या वर्षापासून का नाही? एका ज्येष्ठाकडे दोनच मुलं, निदान वर्षभर. एका महाविद्यालयात मी हे मांडलं, तर उत्तर मिळालं की निवृत्त माणसाची सही मार्गदर्शक म्हणून चालत नाही. मग सही दुसऱ्या कुणाची घ्या, पण मुलाला भाईंच्या टेबलाशी बसू द्या! दोनापावल्याला समुद्रविज्ञान संस्था आहे, पणजीत पुराभिलेख आहे, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतीच्या, बांधावर मानशी, म्हणजे पाण्याची दारं, सांभाळणारी माणसं आहेत. नुसत्या मोडीपुरतं हे नाही.

मागच्या टेबलावर वही ठेवलीय. ज्येष्ठांनी आपला मोकळा वार लिहावा, मुलांनी गाव. रविवारी भाईंकडे येणाऱ्यांनी शाईचं पेन आणू नये, शिसपेन्सिल आणा.