शेजारच्या खोलीतलं गाणं

(दृश्य: पियानोच्या झाकणावर ठेवलेला ब्रँडीचा मोठा ग्लास. तळाशी दोन-तीन नोटा. मागे माणसांची धूसर हालचाल.)

रात्रीचे नऊ वाजलेत. बारमध्ये मोजून चार माणसं. तरी पियानोवरच्या या ग्लासात नोटा आहेत. कुणी टाकल्या? वादकानंच, स्वतःच्या खिशातून. रिकाम्या ग्लासात पहिली नोट टाकायला सहसा कुणी धजावत नाही, तेव्हा भवानी आपली आपणच करायची, ही अमेरिकेतल्या बारवादकांची जुनी रीत. त्यातही नोट जरा मोठी टाकायची. एक डॉलरची दिसली तर येणारा एकच टाकतो. पाचाची दिसली की त्याला एक टाकायची लाज वाटते.

या माणसाला ऐकायला खास असं कुणी आलेलं नाही. इथे तिकीट नसतं. कुणी साहेबाला शिव्या घालायला आलंय, कुणी घरी जायचं टाळतंय, कोपऱ्यातलं जोडपं बहुधा भांडतंय. या सगळ्यांच्या बोलण्याखाली बसेल एवढाच आवाज ठेवायचा, पण वाजवणं थांबवायचं नाही. म्हणून मुरलेला वादक एका गाण्यातून थेट दुसऱ्यात शिरतो. गाणं संपलं आणि टाळी पडली नाही, तर त्या शांततेत त्याच्यापेक्षा गिऱ्हाईकच जास्त अवघडतं. त्यापेक्षा टाळीला जागाच ठेवायची नाही.

(दृश्य: 1940च्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं. नाचाचा हॉल, भला मोठा बँड.)

पण कोपऱ्यात एकटाच माणूस का? पंधरा-वीस जणांचा बँड कुठे गेला? उत्तर बरंचसं करात सापडतं. 1944 मध्ये, महायुद्ध चालू असताना, अमेरिकी सरकारने नाचगाणं चालणाऱ्या बार आणि रेस्टॉरंटच्या बिलावर 30 टक्के कर बसवला. काही महिन्यांत तो 20 टक्क्यांवर आला, पण पुरता जायला 1965 साल संपावं लागलं. यातली मेख अशी, की नुसतं वादन करातून सुटलं होतं. कुणी गायलं किंवा नाचलं, की कर लागू. मग मालकांनी नाचायच्या जागेवर टेबलं मांडली, गायिकेला निरोप दिला आणि एक पियानोवाला ठेवला. मोठे बँड बुडायला इतरही कारणं होती: लष्करभरती, पेट्रोलचं रेशनिंग, बदलती आवड. तरीही ज्या मंद दिव्यांच्या वातावरणासाठी लोक आज हळवे होतात, ते घडवण्यात कर खात्याचा हात आहे, याची मला भारी गंमत वाटते.

अर्थात गाण्याशिवाय गल्ला भरत नाही, हेही मालकांना कळत होतंच.

1954, अटलांटिक सिटी. मिडटाउन बार नावाची, फारशी नावाजलेली नसलेली जागा. 21 वर्षांची युनिस वेमन तिथे पियानो वाजवायला आली. तिला व्हायचं होतं शास्त्रीय पियानोवादक. फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीतसंस्थेने प्रवेश नाकारलेला, पोटासाठी काहीतरी करणं भाग होतं. पहिल्या रात्री ती मैफलीला घालतात तसा लांब गाऊन घालून आली, प्यायला दूध मागितलं आणि लोकप्रिय चालींमध्ये बाख या जुन्या शास्त्रीय संगीतकाराच्या धाटणीच्या सुरावटी गुंफत राहिली. मालकाने विचारलं, गात का नाहीस? ती म्हणाली, मी पियानोवादक आहे. उद्यापासून गायचं, नाहीतर काम नाही, असं उत्तर मिळालं. मग ती गायली. आई मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची धर्मोपदेशक. मुलगी बारमध्ये गाते हे तिच्या कानावर जाऊ नये म्हणून नाव बदललं: नीना सिमोन.

(दृश्य: लास व्हेगास, रात्र. सहारा हॉटेलची जुनी पाटी.)

त्याच वर्षाच्या शेवटी लास व्हेगासमध्ये लुई प्रिमा काम शोधत होता. ट्रम्पेटवाला, गायक, एकेकाळी मोठ्या बँडचा मालक. आता हात रिकामे, पत्नी आणि सहगायिका केली स्मिथ गरोदर. सहारा हॉटेलने काम दिलं, पण मोठ्या हॉलमध्ये नाही. कॅसिनोला लागून असलेल्या कासबार लाउंजमध्ये.

लाउंज म्हणजे काय प्रकार होता, ते इथे नीट दिसतं. मुख्य हॉलमध्ये जेवण, झगमगाट, नावाजलेला कलाकार. लाउंजमध्ये जाता जाता एक पेय घ्या आणि बसा. हॉटेलचा हिशेब सरळ होता. मोठा शो सुटला की माणसं झोपायला जातील, आणि झोपलेला माणूस जुगार खेळत नाही. त्याला पहाटेपर्यंत जुगाराच्या टेबलाजवळ कसं थोपवायचं? मेरी केय ट्रिओ या त्रिकुटासारख्या मंडळींनी रात्रभर वाजवून हे जमतं असं दाखवून दिलं होतंच. प्रिमा-स्मिथ मध्यरात्री सुरू करायचे आणि सकाळी सहापर्यंत पाच खेळ व्हायचे.

आणि काय खेळ! प्रिमा उड्या मारतोय, ओरडतोय, घामाने निथळतोय. साथीदार सॅम ब्युटेरा सॅक्सोफोन घेऊन त्याच्या अंगावर धावून जातोय. बाजूला केली हात सोडून खांबासारखी उभी. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. नवऱ्याचा पोरकटपणा संपायची वाट बघत असल्यासारखी. मग तिची ओळ येते आणि ती इतकी निर्मळ गाते, की पलीकडच्या टेबलावरचा पत्ते वाटणाराही मान वळवत असेल. मोठ्या हॉलमधले कलाकार आपला शो आटोपला की इथे येऊन बसायचे. दोन आठवड्यांचं काम कित्येक वर्षं चाललं. 1959 मध्ये पहिल्यांदा ग्रॅमी पुरस्कार दिले गेले, त्यांत या जोडीचंही नाव होतं.

या गोड आठवणींत एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली जाते. त्या काळात कृष्णवर्णीय कलाकाराला व्हेगासच्या स्ट्रिप या मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांत गाता यायचं, पण बहुतेक ठिकाणी राहता यायचं नाही. टाळ्या घ्यायच्या आणि झोपायला गावाच्या पश्चिम भागात जायचं. 1955 च्या मे महिन्यात मुलां रूज हे सर्वांना खुलं असलेलं हॉटेल-कॅसिनो उघडलं. पहाटे अडीचच्या शोला गोरे-काळे सगळे एकत्र बसत. सहा महिन्यांच्या आत ते बंद पडलं. स्ट्रिपवरची हॉटेलं कृष्णवर्णीय पाहुण्यांना खुली करायचा करार झाला 1960 मध्ये.

(दृश्य: समुद्रकिनारा, ताडाची झाडं. बेडकांचा आवाज.)

तिकडे हवाई बेटांवर, होनोलुलूच्या शेल बारमध्ये, पियानोवादक मार्टिन डेनीची वेगळीच तऱ्हा. बार उघड्यावर, शेजारी छोटं तळं. वादन सुरू झालं की तळ्यातले बेडूक ओरडायचे, थांबलं की गप्प. गंमत म्हणून साथीदारांनी पक्ष्यांचे आवाज काढायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बेडूक आणि पक्षीवालं तेच गाणं परत वाजवा म्हणून आलं. फर्माईश ती फर्माईश. पुढे त्या आवाजांसकट रेकॉर्ड निघाली आणि धो धो खपली.

फर्माईश पुरी करणं हे या धंद्यातलं खरं कसब. कोण काय मागेल याचा नेम नसतो आणि येत नाही म्हणणं परवडत नाही. 1942 पासून अमेरिकेत ट्यून-डेक्स नावाची छोटी कार्डं निघत होती. एका कार्डावर एका गाण्याची चाल, कॉर्ड म्हणजे साथीचे स्वरसमूह आणि हक्क कुणाकडे त्याची माहिती. ती होती रेडिओवाल्यांसाठी. कुणीतरी त्यांचे फोटो काढून, पानावर तीन-तीन छापून बेकायदा पुस्तकं बांधली. हक्क बुडतात म्हणून एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेपर्यंत प्रकरण गेलं. पियानोच्या बाकाखाली मात्र हे बाड असायचंच.

मग ही लाउंजची खोली ओस का पडली? टीव्ही आला, रॉक आलं. व्हेगासच्या हॉटेलांनी तीच जागा जुगाराच्या खेळांना दिली तर जास्त कमाई होते हे ताडलं. आणि जपानमध्ये, कोबे शहरात, बारमध्येच साथ करणारा इनोऊए दाइसुके नावाचा वादक होता. एका गिऱ्हाइकाने त्याला सहलीला बरोबर चल, मला गायचंय म्हटलं. जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने साथीची टेप भरून दिली. त्यातून 1971 मध्ये त्याने भाड्याने देता येईल असं यंत्र बनवलं. कराओके. पेटंट काही घेतलं नाही. वादकांच्या पोटावर पाय आणणारं यंत्र एका बारवादकानेच काढावं आणि त्यालाही त्यातून फारसं काही मिळू नये!

(दृश्य: लॉस एंजेलिस, व्हरमाँट अ‍ॅव्हेन्यू. ड्रेस्डेनचं दार. आतून हसण्याचा आवाज.)

काही दारं तरी उघडी राहिली. ड्रेस्डेन हा बार 1954 चा. 1982 पासून तिथे मार्टी आणि एलेन रॉबर्ट्स हे नवरा-बायको वाजवू लागले, आठवड्यातल्या बहुतेक रात्री. एलेन कीबोर्डवर, मध्येच बासरी. मार्टी गायचे आणि ताल धरायचे. बरीच वर्षं नेहमीची मंडळी सोडली तर कुणाला त्यांचं अप्रूप नव्हतं. 1996 मध्ये एका चित्रपटात ते त्याच बारमध्ये, स्वतःच्याच रूपात झळकले, आणि पंचविशीतली पोरं लोटली. आपण जन्मायच्या आधीच्या काळाची हुरहूर घेऊन, जुने कोट चढवून, मार्टिनी हातात धरून. बरं, चित्रपटात मार्टी-एलेन वाजवत होते ते 1977 चं डिस्को गाणं, आपल्या लाउंजच्या ढंगात मुरवलेलं. जुन्या जमान्यासाठी आलेल्या पोरांनाही नेमकं तेच हवं असायचं, आणि मार्टी ते दर वेळी पहिल्यांदाच मागितल्यासारखं सुरू करायचे. 2022 मध्ये ते गेले, तोवर दोघांना त्या कोपऱ्यात जवळपास चाळीस वर्षं झाली होती.